उसनी कुऱ्हाड

तारेभोवती जबडा लावून करंट मोजायचा आमचा क्लॅम्प मीटर हरवला तो जून महिन्यात, तिकडच्या पावसाच्या ऐन भरात. लागोसजवळच्या ओटा गावात आमचा प्लॅस्टिकच्या बादल्या-खुर्च्यांचा कारखाना होता आणि मी तिथे मेंटेनन्सला. मीटर नवा कोरा, पिवळा-काळा, दुबईहून मागवलेला. स्टोअरच्या रजिस्टरात शेवटची सही होती रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनची. हा गृहस्थ रविवारी एका छोट्या चर्चमध्ये उपदेश करायचा, म्हणून अख्खा कारखाना त्याला ‘पास्टर’ म्हणायचा. मीही तेच म्हणायचो. नायजेरियात असं काही घडलं की साहेबाने ‘क्वेरी’ काढायची असते, म्हणजे आपल्याकडचा मेमो. मी काढली. पास्टरने निळ्या शाईत, शाळामास्तरी अक्षरात उत्तर लिहिलं: मीटर हातात होता, तेवढ्यात तीन नंबरच्या मशीनला धूर आला, तो खाली ठेवून धावलो, परत येऊन पाहतो तर जागेवर नाही. शेवटी एक ओळ, ‘इट इज वेल’. मी वसुलीच्या कागदावर सही केली. मीटरची किंमत जवळजवळ त्याच्या महिन्याच्या पगाराएवढी होती, म्हणून चार हप्ते पाडून दिले. हप्ते पाडून दिले याचं मला त्या दिवशी स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

दहा-बारा दिवसांनी तो दुपारी माझ्या टेबलापाशी आला. वाटलं, हप्त्यांबद्दल काही बोलेल. तर म्हणाला, “सर, या रविवारी उपदेश माझा आहे. तुम्ही आलात तर आनंद होईल.” ज्याच्या पगाराला मी कात्री लावली तो माणूस मला बोलावत होता. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

चर्च म्हणजे अर्ध्यावर सोडलेल्या इमारतीचा तळमजला. वर नुसत्या गंजलेल्या सळया, पुढच्या बाजूला पत्र्याचं छप्पर, आणि बसायला ज्या पांढऱ्या खुर्च्या होत्या त्या आमच्याच कारखान्याच्या. एका खुर्चीच्या पाठीवर साच्यातला तो बारीक दोष मला ओळखू आला. बाहेर जनरेटर खोकत होता, पेट्रोलचा वास थेट आत. की-बोर्डवाला पोरगा सुरात नव्हता, पण ढोलकवाला असा काही वाजवत होता की आपला पाय आपल्याला न विचारता हलावा. बायकांच्या डोक्यांवर ताठ उभे ‘गेले’, म्हणजे कापडाचे फेटे, पुरुषांच्या हातात घाम पुसायला पांढरे रुमाल. तासभर गाणं झालं आणि मग पास्टर उभा राहिला. कारखान्यात निळ्या डगल्यात खाली मान घालून चालणारा माणूस, इथे करड्या सुटात दीड हात उंच दिसत होता. त्याच्या शेजारी योरुबात भाषांतर करणारा एक तरुण. पास्टर इंग्रजीत एक वाक्य टाके, पोरगा ते झेलून योरुबात परत फेके. पास्टर वाकला की पोरगा वाकायचा, पास्टर ओरडला की तो वरच्या पट्टीत. थोड्या वेळाने कोण कोणाचं भाषांतर करतोय ते कळेना. आपल्याकडच्या कीर्तनात मागचा टाळकरी कधी कधी बुवांवर ताण करतो, तसं.

वाचन होतं बायबलमधल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं. गोष्ट सात ओळींची. अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांना जागा पुरेना, म्हणून ते यार्देन नदीकाठी लाकडं तोडायला जातात. एकाच्या कुऱ्हाडीचं पातं निसटून पाण्यात पडतं. तो ओरडतो, अहो स्वामी, ती उसनी आणलेली होती! अलीशा विचारतो, कुठे पडली? जागा दाखवल्यावर तो एक काठी तोडून तिथे टाकतो, आणि लोखंड तरंगून वर येतं.

पुढची पन्नास मिनिटं या सात ओळींवर. “या मुलाचं नाव काय?” पास्टरने विचारलं. कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण पुस्तकात नावच नाही. “नाव नाही! कारण त्या जागी तुमचं नाव घालायचं आहे.” आमेन. “हा घर बांधायला निघालाय आणि याच्याकडे स्वतःची कुऱ्हाड नाही. शेजाऱ्याला सांगा, मी बांधतोय!” सगळे आपापल्या शेजाऱ्याकडे वळून सांगू लागले. माझ्या शेजारच्या म्हातारीने माझा दंड धरून सांगितलं, मी बांधतेय. “कुऱ्हाड कुठे हरवली? दारूच्या गुत्त्यात? मैत्रिणीच्या घरी? नाही! कामावर हरवली! सैतान तुम्हाला रिकामे बसलेले असताना गाठत नाही. कामाच्या जागी गाठतो.” आमेन, आमेन. “आणि हा काय ओरडला? ‘माझी कुऱ्हाड गेली’ म्हणाला का? म्हणाला, उसनी होती! ज्याची स्वतःची कुऱ्हाड आहे त्याला ही आरोळी कळायची नाही.” इथे तो थांबला. रुमालाने मान पुसली. “आणि देवाच्या माणसाने काय केलं? विचारलं का, तू निष्काळजी का झालास? अलीशाने याला क्वेरी दिली का?”

सगळं चर्च खदखदून हसलं.

माझे कान तापले. त्यातल्या चार-पाच जणांना तरी नक्की ठाऊक असणार की क्वेरी कोणी दिली होती. पास्टरने माझ्याकडे पाहिलंही नाही. “अलीशाने एकच प्रश्न विचारला. कुठे पडली? आज देव तुम्हाला तेवढंच विचारतोय. जागा दाखवा.” लोक उठून उभे राहिले, डोळे मिटले आणि प्रत्येकाने एक बोट हवेत धरलं. एकीने पोटाकडे बोट धरलं होतं. एक तरुण छाताडाच्या खिशावर टकटक करत होता, तिथे बहुधा कसला तरी कागद असावा, व्हिसाचा नाहीतर नोकरीचा. आणि मग पास्टर एकदम माझ्याकडे वळला, “आज आपल्यात एक इंजिनिअर आहेत. सर, लोखंड तरंगतं का?” जहाज लोखंडाचंच असतं, सगळा मामला आकाराचा आणि घनतेचा, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. शंभरेक माणसं माझ्याकडे पाहत होती.

मी मान हलवली. नाही तरंगत.

“थँक्यू, इंजिनिअर! लोखंड तरंगत नाही. पण आज…” पुढचं मला ऐकूच आलं नाही, इतका आवाज उठला.

घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. या माणसाने बायबलचा अर्थ ‘सांगितला’ नव्हता. ही गोष्ट कधी लिहिली गेली, तेव्हा लोखंड किती महाग होतं, ती मुळात दंतकथा आहे का, यातलं काही नाही. आमची पिढी वाचायला शिकली ती अशी की ग्रंथ समोरच्या टेबलावर आणि आपण इकडे, मध्ये भिंग. कॉलेजात असताना मी ज्ञानेश्वरीसुद्धा तशीच वाचली आणि आजीशी वाद घातले. पास्टरने भिंग काढून टाकलं होतं, टेबलही काढलं होतं. नदी इथेच होती, कुऱ्हाड काल पडली होती, आणि पाण्याकाठी कोण कोण उभं आहे एवढाच प्रश्न होता. मग मी कुठे होतो? अलीशा तर मी नव्हतोच. तो रडणारा शिष्यही नव्हतो. उरला एकच, ज्याने कुऱ्हाड उसनी दिली तो. त्याचा त्या सात ओळींत उल्लेखसुद्धा नाही.

नंतरची दोन-तीन वर्षं मी हे ऐकत राहिलो, कधी मुद्दाम, बहुतेक वेळा नाइलाजाने. त्या भागात राहून ते न ऐकणं शक्यच नव्हतं. सकाळी पिवळ्या डॅनफो बसमध्ये कोणीतरी उभा राहून गळ्याच्या शिरा ताणून उपदेश सुरू करायचा, निम्मी बस आमेन म्हणायची, निम्मी झोपायची. ट्रकच्या मागे यशया, चोपन्नावा अध्याय: माझ्याविरुद्ध घडवलेलं कोणतंही हत्यार चालणार नाही. केस विंचरायच्या दुकानावर येशूचं रक्त, टायरच्या दुकानावर देवाची वेळ. ऐकून ऐकून माझ्या लक्षात आलं की यांची बायबलमधली माणसं ठरलेली असतात. पौलाची लांबलचक पत्रं फारशी नाहीत, आणि असली तर त्यातली सुटी वाक्यं. गर्दी जमते ती जुन्या करारातल्या गोष्टींना. मूल होत नाही म्हणून सवतीचे टोमणे खाणारी हन्ना. भावांनी विकलेला योसेफ, जो परदेशी तुरुंगातून उठून फारोचा उजवा हात होतो. ज्याच्याबद्दल अख्ख्या बायबलात दोन ओळी आहेत तो याबेस, ज्याने देवाकडे सरळ सरळ मागितलं की माझी सीमा वाढव. मर्दखयासाठी उभारलेल्या फासावर स्वतः चढणारा हामान. वांझपणा, भाऊबंदकी, परदेश, साहेबाची मर्जी, वैऱ्याचा डाव वैऱ्यावर उलटणं. ओटातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहिलं तर ही पाचही प्रकरणं संध्याकाळपर्यंत भेटतात. आपल्याला ती प्राचीन वाटतात याचं कारण आपली सवत आणि आपला फारो जरा सौम्य झालेत, एवढंच.

आणि काळ नेहमी वर्तमान. देवाने अब्राहामाला वचन दिलं होतं, असं कोणी म्हणत नाही. वचन दिलंय, ते मला दिलंय, आणि मी ते आत्ता उच्चारून ताब्यात घेतोय. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे की देव तुला मस्तक करील, पुच्छ करणार नाही. उपदेशक म्हणतो, “मी शेपूट नाही!” सभा म्हणते, “मी डोकं आहे!” ३१ डिसेंबरच्या रात्री लोक फटाके बाजूला ठेवून चर्चमध्ये जातात, बारा वाजता नव्या वर्षाचं वचन जाहीर होतं आणि मग वर्षभर ते मोटारीच्या काचेवर चिकटलेलं असतं. वाक्य समजून घ्यायचं नसतं, वापरायचं असतं. पान्यासारखं.

हे मला विचित्र वाटायला हवं होतं. पण आमच्या दौंडच्या घरात मी काय वेगळं पाहिलं होतं? तिन्हीसांजेला आजी देवापुढे बसून रामरक्षा म्हणायची, आणि मधेच मला डोळ्याने खुणावून पुढचं माझ्याकडून म्हणवून घ्यायची. शिरो मे राघवः पातु, भालं दशरथात्मजः. डोकं, कपाळ, डोळे, कान, असं एकेक अवयव रामाच्या एकेका नावाखाली झाकत जायचं. पातालभूतलव्योमचारिणः, म्हणजे पाताळात, जमिनीवर, आकाशात फिरणारे जे कोणी असतील त्यांना रामनामाने राखलेल्या माणसाकडे नुसतं बघताही येत नाही. अर्थ मला फार पुढे कळला. अंधारात विहिरीवर जाताना त्याची गरजही पडली नव्हती. आमचा ड्रायव्हर रात्री लागोस-इबादान रस्त्याला लागला की एक्क्याण्णवावं स्तोत्र पुटपुटायचा: रात्रीचं भय नाही, दिवसा उडणाऱ्या बाणाचं भय नाही, काळोखात फिरणाऱ्या मरीचं नाही. मागच्या सीटवर बसून मी नकळत आजीच्या लयीत डोलायचो. स्तोत्र संपलं की तो काच खाली करून थुंकायचा आणि गिअर टाकायचा.

योरुबा मित्रांशी बोलताना आणखी एक गोष्ट उलगडत गेली. ती मी पास्टरसमोर कधी बोललो नसतो, त्याला फार लागली असती. त्यांच्या जुन्या धर्मात इफा नावाची विद्या आहे. पाम फळाच्या बिया हातात खेळवून बाबालावो, म्हणजे तिथला जाणता, २५६ ओदूंपैकी एक काढतो आणि त्या ओदूतल्या कवनांमागून कवनं म्हणत जातो. त्यात कोणा एकाची गोष्ट असते, तो संकटात होता, त्याने काय केलं, मग काय झालं. आलेला माणूस गप्प ऐकत असतो आणि एका जागी म्हणतो, थांबा, ही माझी गोष्ट. बाबालावोने त्याची अडचण आधी विचारलेलीही नसते. आता पुन्हा पास्टरचा उपदेश आठवा. नाव नाही, कारण त्या जागी तुमचं नाव घालायचं आहे. प्रत्येक पेंटेकोस्टल, म्हणजे अंगात पवित्र आत्मा संचारतो असं मानणाऱ्या पंथाचा, उपदेशक इफाला सैतानाचं काम म्हणतो आणि ते मनापासून म्हणतो. पण ऐकणाऱ्याचा कान घडवलाय तो त्याच विद्येने, असं मला वाटतं. आपल्याकडेही बाटलेल्या घरात ओव्या जातात थोड्याच? देव बदलतो, जात्यावरचा सूर तोच राहतो.

तो सैतानसुद्धा ऐकण्यासारखा आहे. योरुबा बायबल १८८४ साली पूर्ण झालं. त्यामागे मुख्य हात सॅम्युएल अजाई क्राउथरचा. लहानपणी गुलाम म्हणून धरून नेलेला, वाटेत जहाजावरून सुटलेला आणि पुढे बिशप झालेला हा माणूस. या बायबलात सैतानासाठी शब्द आला ‘एशू’. आता एशू हा योरुबांच्या घरचा देव, चव्हाट्यावरचा, खोडकर, देवांचा निरोप्या, थोडासा नारदमुनी म्हणा. नारदालाच उद्या कोणी सैतान म्हणून छापलं तर काय होईल? प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर सैतान उभा राहील. मराठी भाषांतरकारांनी अरबीतून आलेला तयार ‘सैतान’ उचलला, म्हणून आपले देव त्या बाबतीत वाचले. तिकडे मात्र उपदेशक जेव्हा एशूला जाळून टाकायची आरोळी देतो, तेव्हा तो कोणा परक्या भुताशी लढत नसतो, आजोबांच्या देव्हाऱ्याशी लढत असतो. ‘माउंटन ऑफ फायर’वाल्यांच्या प्रार्थना मी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा हबकलो होतो. मुठी आवळून, डोकं गदागदा हलवत, “डाय! डाय! बाय फायर!” त्या चर्चचे संस्थापक डॅनिएल ओलुकोया हे रेण्वीय आनुवंशिकीत इंग्लंडहून डॉक्टरेट करून आलेले. अशिक्षितांचा खेळ आहे असं म्हणून हात झटकायची सोयही नाही.

शिक्षितांचंच तर जास्त आहे ते. १९७३ मध्ये लागोस विद्यापीठातला गणिताचा एक अध्यापक, विल्यम कुमुयी, पंधरा जणांना घेऊन बायबल वाचायला बसला आणि त्यातून डीपर लाइफ हे प्रचंड चर्च झालं. त्याच विद्यापीठात गणित शिकवणारे एनॉक अडेबोये १९८१ साली रिडीम्ड चर्चचे प्रमुख झाले. त्याआधी ते त्या चर्चच्या संस्थापकाचे, म्हणजे अकिंदायोमींचे, दुभाषे होते. म्हातारा योरुबात बोलायचा, गणिताचा डॉक्टर शेजारी उभा राहून इंग्रजी करायचा. एका महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पास्टर मला रिडीम्डच्या कॅम्पवर घेऊन गेला. चार तास रस्त्यातच गेले, कारण सगळं लागोस तिकडेच निघालं होतं. चहूबाजूंनी उघडा असा मांडव, इतका लांब की व्यासपीठ आम्हाला फक्त पडद्यावर दिसत होतं. मला वाटलं होतं आता गर्जना होणार. पडद्यावरचे ते बो टाय लावलेले गृहस्थ आरामखुर्चीतल्या आजोबांसारखे हळू आवाजात गोष्ट सांगत होते. मध्येच थांबायचे, “डॅडी म्हणतात, इथे कोणीतरी आहे…” (डॅडी म्हणजे देव) आणि लाखो लोकांतला प्रत्येकजण ताठ व्हायचा. त्या शांत आवाजाने जी शिरशिरी येते ती ओरडण्याने येत नाही. मलाही आली, खोटं का बोलू.

पैशांचं मला अजून पचत नाही. १९८६ नंतर, जागतिक बँकेच्या सल्ल्याने अर्थव्यवस्थेचे जे स्क्रू आवळले गेले त्यात नायरा घसरत गेला, पदवीधर घरी बसले, आणि त्याच काळात उपदेशांत मलाखीचा तिसरा अध्याय वाढत गेला: दशमांश आणा आणि पाहा मी आकाशाची खिडकी उघडतो की नाही. देणगीला ‘बी पेरणं’ म्हणतात. शेतकऱ्याच्या पोराला ही उपमा पटते, पण पेरणीनंतर पाऊस आला नाही तर बी कोणी परत देत नाही, हेही त्यालाच ठाऊक असतं. आमच्या ओटातच कॅननलँड आहे, डेव्हिड ओयेडेपोंच्या चर्चचं आवार, आणि त्यात १९९९ साली बांधलेलं, ५०,००० आसनांचं सभागृह. रविवारी त्या रस्त्याने गेलं की एका बाजूला चकचकीत गाड्या आणि दुसऱ्या बाजूला चपला हातात घेऊन चिखल तुडवत निघालेली माणसं, दोघंही एकाच दारात. शिव्या द्याव्यात असं वाटायचं. मग आठवायचं की त्या चिखलवाल्याला बाकी कुठलीच संस्था ‘तू डोकं आहेस’ असं म्हणत नव्हती. मी तर नाहीच, मी क्वेरी काढत होतो.

पण ‘घरचा वैरी’ हे प्रकरण आलं की माझी सगळी समजूत संपते. मनुष्याच्या घरचेच त्याचे वैरी होतील, हे मत्तयातलं वाक्य येशूने कुठल्या संदर्भात म्हटलं ते बाजूला राहतं, आणि प्रत्येकजण आपल्या घरात वैरी शोधू लागतो. आमच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणारी बाई, तिचा नवरा ट्रकखाली सापडून लंगडा झाला. कुठल्याशा प्रार्थनेत तिला ‘दिसलं’ की हे गावाकडच्या सासूने केलंय. तिने सासूला पैसे पाठवणं बंद केलं. बाई एरवी इतकी मायाळू की मला कांदा चालतो पण वाळवलेली कोलंबी चालत नाही हे लक्षात ठेवून वेगळ्या पातेल्यात करायची. सासू गावी काय खात असेल हे मी तिला विचारलं तेव्हा तिने पळी आपटली. पूर्वेकडे अक्वा इबोम राज्यात तर पोटच्या पोरांना चेटकी ठरवून घराबाहेर काढायचे प्रकार इतके वाढले की २००८ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. जो ग्रंथ वांझ बाईला हन्ना करतो तोच सात वर्षांच्या पोराला चेटकीही ठरवतो, आणि दोन्ही वेळा वाचायची रीत एकच असते.

पास्टरच्या चर्चचे एक वयस्कर मुख्य पास्टर होते, कधीकाळी बायबल कॉलेजात शिकलेले. माझं गाव कुठलं, असं त्यांनी विचारलं. पुण्याजवळ, म्हटलं. त्यांनी चष्मा वर केला, “पूना? म्हणजे मुक्ती? रामाबाई?” लागोसच्या त्या ओलसर खोलीत पंडिता रमाबाईंचं नाव ऐकून मी थक्क झालो. आम्ही शाळेत रमाबाई शिकलो त्या विधवांसाठी काम करणाऱ्या, संस्कृत जाणणाऱ्या. म्हातारा मला सांगत होता तो १९०५ सालचा केडगावचा प्रसंग. मुक्ती सदनातल्या मुली रात्रंदिवस रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या, कोणाला अंगात आग शिरल्यासारखं झालं, आणि शेजारची एकजण खरीच आग लागली म्हणून पाण्याची बादली घेऊन धावली. लॉस एंजेलिसमधली अझूसा स्ट्रीटची सभा, जिथून ही पेंटेकोस्टल चळवळ जगभर गेली असं सगळे म्हणतात, ती त्यानंतर वर्षभराने. दौंडहून पुण्याला कॉलेजला जाताना मी केडगाव स्टेशनवरून शेकडो वेळा गेलो असेन. शटल तिथे थांबली की भेळवाला चढायचा, एवढीच माझी केडगावची आठवण. त्याच केडगावात रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, बायकांनीच खिळे जुळवून छापलं, आणि १९२४ मध्ये ते बाहेर पडलं तेव्हा बाई हयात नव्हत्या. म्हातारा माझ्याकडे असा पाहत होता की जणू मी तिथूनच काही घेऊन आलोय. माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. पत्ता बरोबर आहे, एवढंच म्हणालो.

त्या उपदेशानंतरच्या सोमवारी मी पास्टरला डब्याच्या वेळी विचारलं होतं, कुऱ्हाड ज्याची होती त्याचं काय? तो एबाचा गोळा रश्शात बुडवता बुडवता थांबला. म्हणाला, “बायबल त्याच्याबद्दल काही बोलत नाही, सर.” मग थोडं खाऊन, “पण माणूस चांगला असणार. दिली तरी त्याने.” टोमणा होता की खरंच तसं वाटलं त्याला, मी आजही सांगू शकत नाही.

चार हप्ते पुरे झाले आणि पुढच्या महिन्यात तो इबादानला दुसऱ्या नोकरीवर गेला. नाताळच्या शटडाउनमध्ये आम्ही तीन नंबरच्या मशीनमागचा केबलचा खंदक उपसायला घेतला. पावसाळ्यापासून तो तुंबलेला होता. पंप लावला, दोन माणसं दिवसभर फावड्याने काळा चिखल ओढत होती, आणि चारच्या सुमाराला त्यातल्या एकाच्या फावड्याला काहीतरी पिवळं लागलं. जबडा गंजलेला, काचेत पाणी. पास्टरने लिहिलं होतं तेच खरं होतं. खाली ठेवून धावला होता, आणि तो घसरून फटीतून खंदकात गेला होता. हिशेब खात्याने सांगितलं, माणूस सोडून गेला, फाइल बंद. मी माझ्या खिशातून पैसे त्याच्या खात्यात टाकले आणि फोन लावायला आठ दिवस घेतले. आठ दिवस मी एक वाक्य घोकत होतो. चूक माझी होती, तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवायला हवा होता, वगैरे.

फोन उचलल्याबरोबर तो ओरडला, “सर! लोखंड तरंगलं!” पैसे पोचल्याचं त्याला कळलं होतं आणि रविवारी नव्या चर्चमध्ये त्याने त्याची साक्षही दिली होती. भर सभेत, कुऱ्हाडीची गोष्ट, मग मीटरची, मग भारतीय इंजिनिअरची. लोक नाचले म्हणाला. मी म्हटलं, “तरंगलं नाही, पास्टर. पंप लावला. दोन माणसांनी चिखल उपसला.”

“अलीशानेही काठी टाकलीच होती की, सर. देव काहीतरी हातात घेतोच.”

“म्हणजे मी काठी?”

“यू आर द स्टिक, सर!” आणि तो असा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग सहज सांगितलं, पैसे आले त्याच दिवशी दशमांश वेगळा काढला, आणि आभार म्हणून थोडे वर. माझ्या डोक्यात लगेच आकडा तयार झाला, कितीचं खत पडलं ते. मला राग आला. त्या चर्चचा आला, त्याचा आला, आणि जास्त याचा की माझी चूक त्याने माझ्याकडे ठेवूच दिली नव्हती. त्याच्या गोष्टीत पाणी होतं, लोखंड होतं, देव होता. माफी मागायला जागा कुठे होती? तरी मी ते घोकलेलं वाक्य कसंबसं म्हणून टाकलं. चूक माझी होती, पास्टर. सॉरी.

पलीकडे क्षणभर नुसता पंख्याचा नसलेला आवाज, म्हणजे लाइट गेलेली असताना असतो तो. “इट इज वेल, सर,” तो म्हणाला. क्वेरीच्या उत्तराखाली निळ्या शाईत होतं, तेच. आणि तेवढ्यात त्याच्या गल्लीतली सगळी पोरं एका सुरात किंचाळली, “अप नेपा!” वीज आली होती. तो म्हणाला, एक मिनिट सर, पाण्याची मोटर लावून येतो, आणि फोन तसाच खाली ठेवून गेला. मी बराच वेळ त्या मोटरचा आवाज ऐकत राहिलो.